मल्ल हमीदा बानू

आपल्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे गाव कुस्तीशौकिनांना सुपरिचित आहे. १९६९ साली लातूर येथे महाराष्ट्र केसरी हा किताब पटकावणारे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार हे ह्याच गावचे. आपल्याकडील जत्रांत हलगी कडाडू लागली, की आधी रेवड्यांवरच्या लहान मुलांच्या कुस्त्या लागतात आणि मग नामांकित मल्लांच्या जोडी सुटतात. पूर्वी ह्या फडात मुली केवळ दुरून पाहत असत. आज ठिकठिकाणी त्याही अंगाला माती लावून उतरतात आणि शालेय क्रीडास्पर्धांतही मुलींच्या कुस्तीला स्थान मिळाले आहे. परंतु मुलांनो, हा मार्ग मोकळा नव्हता, तेव्हा एका स्त्रीने एकटीने त्यावर पाऊल टाकले होते. तिचे नाव हमीदा बानू.

हमीदा बानू ह्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे झाला. त्यांच्या घराण्यात कुस्तीची परंपरा होती. त्यामुळे डावपेच त्यांनी बालपणापासूनच पाहिले होते. परंतु पाहणे निराळे आणि खेळणे निराळे. तालमीच्या उंबरठ्याआत स्त्रीने पाऊल ठेवू नये, असा त्या काळचा संकेत होता. हमीदाबानूंनी तो मानला नाही. पुढे त्या अलीगढ येथे सलाम पहिलवान ह्या वस्तादांच्या हाताखाली गेल्या आणि तेथे त्यांनी कुस्तीचे रीतसर शिक्षण घेतले.

हे शिक्षण म्हणजे एक तपश्चर्याच होती. त्या दररोज सहा तास मेहनत करीत आणि नऊ तास झोप घेत. त्यांचा खुराकही मेहनतीस साजेसा होता. दिवसाकाठी साडेपाच लिटरांहून अधिक दूध, त्याच्या जोडीला मटण, अंडी, लोणी आणि बदाम, अशी वर्णने त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून छापून येत आणि लोक ती मोठ्या कौतुकाने वाचीत. त्यांची उंची बेताचीच, म्हणजे सव्वापाच फूट होती. परंतु वजन १०८ किलो होते. अशा ह्या मल्लाशी झुंजण्यास स्त्री प्रतिस्पर्धी मिळणे दुरापास्तच होते. म्हणून हमीदाबानूंनी पुरुष मल्लांनाच आव्हान दिले.

१९४४ साली मुंबईत गूंगा पहिलवान ह्या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली. ती पाहावयास सुमारे वीस हजार लोक लोटले होते. पण प्रतिस्पर्ध्याने ऐन वेळी भलत्याच अटी घातल्या, त्यामुळे कुस्ती रद्द करावी लागली आणि प्रेक्षक खवळून उठले.

१९५४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेले वर्ष होय. जो मल्ल आपणांस हरवील त्याच्याशी आपण विवाह करू, असे त्यांनी ह्या वर्षी जाहीर केले. पतियाळा आणि कलकत्ता येथील दोन मल्ल ह्या पणास पुढे आले आणि पराभूत होऊन परतले. मे महिन्यात त्या बडोद्यास गेल्या. तेथे छोटा गामा पहिलवान त्यांच्याशी लढणार होता. पण स्त्रीशी कुस्ती खेळणार नाही, असे सांगून त्याने माघार घेतली. मग बाबा पहिलवान आखाड्यात उतरला. हमीदाबानूंनी अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत त्याची पाठ मातीला लावली! ह्या पराभवानंतर बाबा पहिलवानाने व्यावसायिक कुस्तीला कायमचा रामराम ठोकला. त्याच वर्षी मुंबईत वेरा चिस्तिलिन ह्या रशियन स्त्री मल्लालाही हमीदाबानूंनी एका मिनिटाच्या आत चीत केले.

परंतु विजयाबरोबर त्यांच्या वाट्याला विरोधही आला. कुस्तीचे माहेरघर असलेल्या कोल्हापुरात त्यांनी शोभासिंग पंजाबी ह्या मल्लास हरवले, तेव्हा चिडलेल्या जमावाने दगडफेक केली. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके ह्यांच्याशी ठरलेली त्यांची कुस्ती राष्ट्रीय तालीम संघाच्या विरोधामुळे होऊ शकली नाही. तेव्हा त्यांनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई ह्यांच्याकडे दाद मागितली. कुस्त्यांस मनाई झाली ती त्या स्त्री आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्यासमोर नामधारी मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आल्यामुळे, असे उत्तर त्यांना मिळाले. कुस्त्या खऱ्या की ठरवून केलेल्या, ह्याचा निवाडा मातीतच व्हावयास हवा होता. पण ती मातीच त्यांना नाकारली गेली.

दोनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, खाशाबा जाधव ह्यांनी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले होते. पुरुष मल्लापुढे असा जागतिक मार्ग खुला होता. स्त्रीकरिता मात्र ना ऑलिंपिक होते, ना राष्ट्रीय स्पर्धा. युरोपात जाऊन लढण्याचा हमीदाबानूंचा मनोदय होता. तोही तडीस गेला नाही. काही काळातच त्यांचे नाव वर्तमानपत्रांतून दिसेनासे झाले.

पुढील आयुष्य त्यांनी मुंबईजवळील कल्याण येथे कंठले. तेथे त्या दुधाचा व्यवसाय करीत. उतारवयात दिवस पालटले आणि घरी केलेले खाद्यपदार्थ विकून त्यांना चरितार्थ चालवावा लागला. पण कष्टाची त्यांना लाज नव्हती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १९८७ साली, स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा नॉर्वे देशात भरली. २००४ साली अथेन्स येथे स्त्रियांच्या कुस्तीला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आणि २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक हिने भारताला कांस्यपदक मिळवून दिले. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगली येथे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी हिने किताब जिंकला. अंतिम कुस्तीत तिच्याशी झुंजलेली वैष्णवी पाटील ही कल्याणची होती. ज्या कल्याणात एक विस्मृत मल्ल दूध विकीत होती, तेथीलच एका मुलीसाठी ह्या वेळी हजारो लोक टाळ्या वाजवीत होते. कोणीही दगड उचलला नाही.

हमीदाबानूंना पदक मिळाले नाही, किताबही मिळाला नाही. परंतु स्त्रीची जागा आखाड्याबाहेर आहे, ह्या समजुतीची पाठ त्यांनी प्रथम मातीला लावली. आपल्या गावच्या जत्रेत एखादी मुलगी सलामी देऊन फडात उतरेल, तेव्हा मुलांनो, त्यांचे स्मरण अवश्य करा.