शरणपूरचे जेकब वेनराईट

नाशिक म्हटले की आम्हाला २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. परंतु त्याच्या कितीतरी आधी गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुले याच भूमीवर शिकली, हे नाशिक रोडपासून पंचवटीपर्यंत आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? शरणपूर रोड हे नाव आम्ही रोज घेतो. त्या नावातच हा इतिहास दडला आहे.

चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर वसवले. इंग्रज आरमाराने गुलामांची गलबते पकडली की सुटलेल्यांपैकी काहींना मुंबईत उतरवले जाई, आणि त्यातली काही मुले शरणपूरला येत. तेथे त्यांना अक्षरओळख आणि हातचा धंदा मिळे. जेकब वेनराईट हे त्यांपैकीच एक. जन्माने ते पूर्व आफ्रिकेतील याओ समाजाचे. नाव मात्र मिशनने दिलेले.

१८७२ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी शरणपूरचे काही तरुण आफ्रिकेत गेले, त्यांत जेकब होते. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. चुमा, सुसी आणि जेकब यांच्यासह त्यांच्या आफ्रिकन सोबत्यांनी स्वतः निर्णय घेतला. हृदय तेथेच झाडाखाली पुरले, देह वाळवला आणि सुमारे १,६०० किलोमीटर पायी चालत समुद्रकिनारा गाठला. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब यांनी, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यांनीच. प्रवासाची रोजनिशीही त्यांनी लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीचा मान वाहणाऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

साहेबांच्या इतिहासाने या माणसांना इमानी नोकर म्हणून मोकळे केले. आम्हाला हे मान्य नाही. ज्यांनी निर्णय घेतला, मार्ग काढला आणि नोंद ठेवली, ते इतिहासाचे कर्ते होते. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत आम्हा बहुजनांना नवी नाही.

आता या कथेची दुसरी बाजू. ५ जून १८७३ रोजी इंग्रजांनी आरमारी नाकेबंदीची धमकी देऊन झांझिबारच्या सुलतानाकडून गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या करारावर सही घेतली. बाजार बंद झाला, हे चांगलेच झाले. पण झांझिबारच्या जकातीचा मक्ता ज्या जयराम शिवजी या भाटिया पेढीने वर्षानुवर्षे सांभाळला, ती पेढी आपल्याच देशातली होती, हेही विसरता कामा नये. गुलामीच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या अर्थव्यवस्थेत इथल्या सावकारी भांडवलाचा हात होता.

पुढे १८८४-८५च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले. त्या टेबलाभोवती एकही आफ्रिकन प्रतिनिधी नव्हता. गुलामी संपवण्याची भाषा होती, मागे हस्तिदंत, जमीन आणि बंदरे होती. इंग्लंडहून परतून मिशनच्या कामाला लागलेले जेकब १८९२ साली उरांबो येथे वारले, तेव्हा तो मुलूख जर्मन वसाहतीत मोडत होता. साखळी तुटलेला माणूस परक्यांच्या राज्यात मेला.

आजही झांबियाच्या तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. ते तांबे दार-एस-सलाम बंदराला नेणारी ताझारा रेल्वे १९७०च्या दशकात चीनच्या मदतीने उभी राहिली. इंग्रज गेले, चीन आला, अमेरिका आहेच. मदतीचा हात पुढे करणारा करारात काय लिहून घेतो, हा प्रश्न आफ्रिकेला आजही विचारावा लागतो.

ज्या १८७३ साली जेकब यांनी झाडावर अक्षरे कोरली, त्याच साली जोतीराव फुले यांनी गुलामगिरी लिहून ती अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. गुलामीला देशाची सीमा नसते, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. मग मुक्तीच्या लढ्याला तरी सीमा का असावी? शिक्षणाने जेकब यांना अक्षर दिले, सत्ता मात्र दिली नाही. सत्तेवाचून मिळालेली सुटका दुसऱ्याच्या मर्जीवर टिकते. शासनकर्ती जमात व्हा, असे बाबासाहेब का सांगत होते, ते शरणपूरच्या या आयुष्यावरून आम्ही समजून घ्यावे.