वयाआधीच थकलेला वेग

वेगवान गोलंदाजाचे वय जन्मतारखेवरून मोजावे की त्याने टाकलेल्या षटकांवरून? हा प्रश्न निघाला की मुंबईच्या रमाकांत देसाई यांची कारकीर्द आठवल्याशिवाय राहत नाही. एकोणिसाव्या वर्षी कसोटीत उतरलेला हा गोलंदाज अठ्ठाविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेटमधून कायमचा बाहेर गेला. ज्या वयात अनेक वेगवान गोलंदाज ऐन भरात येतात, त्या वयात त्यांचा वेग संपला होता.

२० जून १९३९ रोजी मुंबईत जन्मलेल्या देसाई यांची उंची साडेपाच फुटांहूनही कमी होती. त्यामुळेच क्रिकेटविश्वात ते ‘टायनी’ या नावाने ओळखले गेले. वेगवान गोलंदाज म्हटला की धिप्पाड देहयष्टी डोळ्यांसमोर येते. देसाई यांनी हा समज खोटा ठरविला. त्यांचा उसळता चेंडू भल्याभल्या फलंदाजांना चकवीत असे. १९५८-५९ च्या पहिल्याच रणजी हंगामात त्यांनी ५० बळी मिळविले आणि निवड समितीला त्यांची दखल घ्यावीच लागली.

त्या हंगामात वेस्ट इंडिजच्या वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट या जोडीने भारतीय फलंदाजीची दाणादाण उडविली होती. त्यांना उत्तर देऊ शकेल असा वेग भारताकडे नव्हता. अशा वेळी फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्ली कसोटीत देसाई यांना संधी मिळाली. वेस्ट इंडिजने ८ बाद ६४४ धावांचा डोंगर रचला. त्या एका डावात या कोवळ्या मुलाने ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत ४ बळी घेतले. पदार्पणातील ही कामगिरी कौतुकास्पद होती, पण पुढे काय वाढून ठेवले आहे याची ती सूचनाही होती.

त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात भारताने पाचही कसोटी गमावल्या. देसाई यांनी मात्र लॉर्ड्सवर ८९ धावांत ५ बळी घेतले आणि संपूर्ण दौऱ्यात ४५ गडी बाद केले. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत त्यांनी २१ बळी मिळविले. हनिफ मोहम्मद यांच्यासारख्या चिवट सलामीवीरालाही त्यांनी वारंवार तंबूत धाडले. याच मालिकेतील मुंबई कसोटीत त्यांनी ८५ धावा काढल्या आणि नाना जोशी यांच्यासमवेत नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागीदारी रचली.

हे सारे बाविशीच्या आत घडले. नंतर मात्र शरीर हिशेब मागू लागले. त्या काळातील भारतीय खेळपट्ट्या फिरकीला अनुकूल आणि वेगाला निष्ठुर होत्या. दुसऱ्या टोकाला तोलामोलाचा वेगवान जोडीदार क्वचितच लाभे. परिणामी नव्या चेंडूचा भार देसाई यांच्या सडपातळ खांद्यांवर पडत राहिला. तरीही न्यूझीलंडविरुद्ध १९६५ च्या मुंबई कसोटीत त्यांनी ५६ धावांत ६ बळी ही कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी केली. वेग ओसरला तरी कसब शिल्लक असते, हेच त्या डावाने दाखवून दिले.

त्या कसबाला पुरेशी वर्षे मिळाली नाहीत. १९६७ मध्ये एजबॅस्टन येथे भारताने चार फिरकी गोलंदाज खेळविले आणि यष्टिरक्षक बुधी कुंदरन यांच्या हाती नवा चेंडू दिला, इतके वेगवान गोलंदाजीचे महत्त्व घटले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिन येथे डिक मॉट्झ यांच्या चेंडूने देसाई यांचा जबडा मोडला. तरीही ते खेळपट्टीवर उभे राहिले आणि बिशनसिंग बेदी यांच्यासमवेत अखेरच्या गड्यासाठी ५७ धावांची भर घातली. भारताने परदेशातील पहिला कसोटी विजय मिळविला आणि देसाई यांची ती अखेरची कसोटी ठरली.

या वयाचे मोल अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील एका गोलंदाजाने दाखवून दिले. देवळाली प्रवराच्या शेजारी असलेल्या श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये संघाबाहेर होता. वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळताना त्याने आपली गोलंदाजी नव्याने घडविली. २००७ मध्ये नॉटिंगहॅम कसोटीत त्याने ९ बळी घेऊन भारताला मालिका जिंकून दिली, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. देसाई यांची कसोटी कारकीर्द याच वयात संपली होती. पुढे बत्तिसाव्या वर्षी, २०११ च्या विश्वचषकात, झहीरने २१ बळी मिळविले. चुकांतून सावरण्यास अवसर, जोडीदारांची साथ आणि शरीराची निगा लाभली, तर वेगाची जागा अनुभव घेऊ शकतो.

देसाई यांच्या खात्यावर २८ कसोटींत ७४ बळी आहेत. प्रथम श्रेणीत त्यांनी साडेचारशेहून अधिक गडी बाद केले. १९५८-५९ पासून १९६८-६९ पर्यंत, त्यांच्या कारकिर्दीतील प्रत्येक हंगामात रणजी करंडक मुंबईकडेच राहिला. पुढे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २७ एप्रिल १९९८ रोजी हृदयविकाराने मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. आज तरुण वेगवान गोलंदाजाच्या षटकांचा हिशेब ठेवला जातो. देसाई यांच्या वाट्याला आली ती षटके मात्र कुणी मोजून दिली नव्हती.