अंगणातील शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्या काळी लहान मुलांना शिकविणे म्हणजे पाठांतर आणि छडी, अशीच बहुतेकांची समजूत होती. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात ताराबाईंना निराळी वाट दिसली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत आरंभिलेली ही पद्धती होती. मूल स्वतःच्या हातांनी, आपल्या आवडीने शिकते, हे तिचे सूत्र. तिच्या प्रसारासाठी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु बालमंदिरातील साधने महाग असत. गरिबांची मुले या शिक्षणाला पारखीच राहत. हे शल्य ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच त्यांच्या दारी नेली. अंगणात वर्ग भरू लागला. शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत. म्हणून शाळा कुरणावर भरू लागली.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण लाभले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. १९७५ साली सरकारने बालकांसाठी देशव्यापी योजना आखली, तेव्हा तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी.