नामदार गोपाळ कृष्ण गोखले: एका शिक्षकाचे चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत संतांची, मिशनऱ्यांची व उपकारकर्त्यांची चरित्रे यावीत हे उचितच आहे. त्यांच्याच पंक्तीस आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र बसवीत आहोत की जो ख्रिस्ती नव्हता, ज्याचे वर्धा जिल्ह्याशी राहण्याचे नाते नव्हते, व ज्याचे नाव आज बहुधा रस्त्यांच्या आणि सभागृहांच्या पाट्यांवरच वाचावयास मिळते. तथापि आपल्या खेड्यापाड्यांतून आज जे गरिबाचे मूल फी न देता शाळेत बसते, त्याच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलावा व ते शिक्षण सक्तीचे व्हावे, असे बिल हिंदुस्थानच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलात प्रथम आणणारा पुरुष हाच होय. शिवाय ही मागणी करणारा हा गृहस्थ स्वतः सुमारे अठरा वर्षे फळ्यापुढे उभा राहिलेला शिक्षक होता, आणि आमच्या निवडीचे खरे कारण तेच आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे अल्प वेतनावर नोकरीस होते. १८७९ साली ते निवर्तले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी आपला अभ्यास सोडून कागलास दरमहा १५ रुपयांची चाकरी पत्करली आणि त्यांतून ८ रुपये ते धाकट्या भावास कोल्हापुरास धाडू लागले. उरलेल्या सात रुपयांत घरातील बाकीची सर्व माणसे! धाकट्यानेही ह्या आठ रुपयांची लाज राखली. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचावा म्हणून तो रस्त्यावरील दिव्याखाली बसून वाची, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ह्या प्रसंगाची गोडी लावून मुलांस काटकसरीचा पाठ देण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस मात्र त्यात निराळेच काही दिसते. एका भावाने शिकावे म्हणून दुसऱ्या भावाला शाळा सोडावी लागली. ज्या देशात विद्येची सोय केवळ कुटुंबाच्या पदरावर टाकलेली असते, तेथे प्रत्येक गोपाळामागे एक गोविंद उभा असतो, आणि त्या गोविंदाचे चरित्र कोणी लिहीत नाही.

१८८१ साली मॅट्रिक, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज, आणि अखेरीस मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी. ए., असा त्यांचा विद्याभ्यास झाला. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असे. गोविंदरावांच्या संसारासही तो आधार हवा होता. परंतु १८८५ साली गोपाळराव पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक म्हणून रुजू झाले, आणि पुढील वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले.

ह्या सोसायटीविषयी कॅथॉलिक वाचकांस थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी प्रभृती मंडळींनी १८८० साली शाळा काढली, १८८४ साली सोसायटी स्थापिली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उघडले. ह्या तरुणांच्या डोळ्यांपुढे जो नमुना होता तो आपल्या येशूसंघाचा. जन्मभर एकाच संस्थेस वाहून घ्यावे, निर्वाहापुरते घ्यावे, आणि वैयक्तिक लाभाची आशा सोडून शिकवावे, ही येशूसंघीयांची रीत त्यांनी जाणूनबुजून उचलली. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा द्यावी असा नियम होता. वेतन पुढे दरमहा ७५ रुपये ठरले, आणि निवृत्तीनंतर ३० रुपये पेन्शन. धर्मांतराच्या भीतीने मिशनऱ्यांपासून चार हात दूर राहणाऱ्या त्या काळच्या पुण्यात, मिशनऱ्यांच्याच व्रताचा असा मान व्हावा, ह्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

परंतु व्रत घेणे निराळे आणि ते संसारी माणसाने पाळणे निराळे. ह्या शिक्षकांस बायकामुले होती, वृद्ध आईबाप होते, कर्जे होती. थोड्याच वर्षांत प्रश्न उभा राहिला की, आजीव सभासदाने शाळेबाहेर काही मिळवावे की न मिळवावे, आणि शाळेबाहेरच्या कार्यास वेळ द्यावा की न द्यावा? टिळकांचे मत कठोर होते: सर्वस्व अर्पण करणाऱ्याने दुसरीकडे पाहू नये. आगरकर-गोखल्यांचा पक्ष सौम्य होता. गोखल्यांनी पुणे सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, ते निमित्त होऊन वाद विकोपास गेला व १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. ह्या भांडणात न्याय कोणाकडे होता हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. दोन्ही पक्ष निःस्वार्थी होते. आम्हांस इतकेच दिसते की, त्यागाच्या पायावर उभारलेल्या त्या उत्कृष्ट संस्थेसही शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न दहा वर्षांच्या आतच भेडसावू लागला.

गोखल्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, पुढे इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. ज्या विषयास माणूस कमी पडेल तो गोखल्यांनी घ्यावा, असा जणू शिरस्ताच पडला होता. सहकारी बापट ह्यांच्या साह्याने त्यांनी रचिलेले अंकगणिताचे पुस्तक देशातील अनेक शाळांतून लागले व त्याच्या उत्पन्नावर त्यांचा संसार पुष्कळसा चालला. सुट्ट्यांत ते फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडत. दारोदार वर्गणी मागण्याचा अनुभव ज्या धर्मगुरूस आहे, त्यास हे काम काय असते ते सांगावयास नको.

येथे आम्ही आपल्या घरचीही एक गोष्ट बोलतो. आपल्या जुन्या मिशनांत मास्तर असे. तो मुलांस अक्षरे शिकवी, रविवारी प्रार्थना चालवी, आजाऱ्याजवळ बसे, आणि पाद्री महिन्यातून एकदा आला म्हणजे त्याच्या बैलगाडीचीही व्यवस्था पाही. त्याला जे मिळे त्यास पगार म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. आम्ही धर्मगुरूंनी संसार केला नाही, तो स्वखुशीने. मास्तराने संसार केला होता आणि दारिद्र्य मात्र आमच्या व्रताचे भोगले. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ सालच्या रेरुम नोव्हारुम ह्या विश्वपत्रात स्पष्ट केले आहे की, श्रमिकाचे वेतन त्याच्या निर्वाहास पुरेसे असलेच पाहिजे, आणि गरजेपोटी त्याने कमी पत्करले तरी तो अन्यायच होय. विश्वपत्र मजुरांविषयी आहे हे खरे. पण शिक्षकास त्यातून वगळण्याचे कारण आम्हांस सापडत नाही.

गोखल्यांची राजकीय कारकीर्द प्रसिद्ध आहे, म्हणून ती थोडक्यात आटोपतो. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडे वाचण्याची विद्या घेतली. १८९७ साली विलायतेस वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली, १८९९ साली मुंबई कायदेकौन्सिलात गेले, १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. त्याच वर्षी ३० रुपयांचे पेन्शन घेऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापिला आणि काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, आणि तेव्हापासून दरवर्षी हिशेबाच्या त्या रुक्ष दिवसाला एक नवेच महत्त्व आले. खजिन्यात शिल्लक उरते ह्याचा सरकारला अभिमान होता. गोखल्यांनी दाखविले की, ती शिल्लक म्हणजे रयतेपासून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा आहे. मिठावरील कर कमी करा, लष्कराचा व रेल्वेचा खर्च आवरा, आणि उरेल ते शिक्षणाकडे लावा, हे त्यांचे मागणे. मिठाचा कर १९०३ पासून १९०७ पर्यंत तीनदा उतरून मणास अडीच रुपयांचा एक रुपया झाला, त्यात त्यांच्या आकड्यांचा वाटा थोडा नव्हता. शिक्षणाच्या बाबतीत मात्र सरकारची मूठ सैल होईना. १९०१ च्या शिरगणतीत साक्षरांचे प्रमाण शेकडा सहांहूनही कमी होते. इकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभून १९०६ पर्यंत तो सर्व राज्यास लागू केला. एका संस्थानिकास जे साधते ते साम्राज्यास का साधू नये, ह्या प्रश्नास कौन्सिलात समाधानकारक उत्तर नव्हते.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी ह्याविषयी ठराव मांडला व सरकारच्या आश्वासनावरून तो मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे स्वतंत्र शिक्षणखाते निघाले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. ते इतके सावध होते की आज वाचताना नवल वाटते. जेथे शेकडा तेहतीस मुले आधीच शाळेत जातात अशाच टापूत, तेथील म्युनिसिपालिटीने वा लोकल बोर्डाने, तेही सरकारच्या पूर्वपरवानगीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांवर सक्ती करावी; मुलींचा विचार पुढे; ज्या बापाची मासिक प्राप्ती १० रुपयांहून अधिक नाही त्याजकडून फी घेऊ नये; आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने सोसावा. पैसा कोठून आणावा हेही सांगण्यास ते चुकले नाहीत. आयातमालावरील जकात वाढविण्याची वाट त्यांनी दाखविली. नुसती मागणी करून मोकळे होणारे पुढारी पुष्कळ असतात. हा गणिताचा मास्तर उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवी.

विरोध चोहोंकडून झाला. लोकांस सक्ती आवडणार नाही, वेळ आलेली नाही, शिक्षक कोठून आणणार, इमारती कोठे आहेत, असे आक्षेप निघाले. जमीनदारांस आपल्या शेतावरच्या मजुरांची चिंता पडली. पंडित मालवीय व बॅरिस्टर जिना ह्यांनी बिलास पाठिंबा दिला. शिक्षणखात्याचे सभासद सर हार्कोर्ट बटलर ह्यांनी सरकारच्या वतीने विरोध केला. मार्च १९१२ मध्ये मते पडली: अनुकूल १३, प्रतिकूल ३८. गोखल्यांस हा निकाल आधीच ठाऊक होता, आणि तसे ते बोलूनही गेले होते. आपल्या पिढीने अपयशाच्या द्वारेच देशाची सेवा करावयाची आहे, अशी त्यांची समजूत होती. असा पराभव पत्करण्यास निराळेच धैर्य लागते.

पुढील वर्षी, २१ फेब्रुवारी १९१३ रोजी, सरकारने शिक्षणविषयक ठराव प्रसिद्ध केला. त्यात सक्ती नव्हती; परंतु प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकास दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन असू नये असे म्हटले होते. हा बारा रुपयांचा आकडा नवा नव्हता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले ह्यांनी नेमके हेच मागितले होते: प्राथमिक शिक्षकास १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी १५ वा २० द्यावे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा शेतकऱ्याच्या मुलाच्या शिक्षणावर खर्च होत नाही, हे फुल्यांचे गाऱ्हाणे. एकतीस वर्षांनी सरकार त्या बारा रुपयांपर्यंत पोचले, आणि तेही कागदावर. मधल्या काळात धान्याचे भाव मात्र थांबून राहिले नव्हते.

१९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले. मधुमेहाने प्रकृती ढासळली होती. १९१४ साली देऊ केलेली सरकी त्यांनी नाकारली, आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांचे बिल मेले तरी बीज राहिले. मुंबई इलाख्यात १९१८ साली, आणि ज्यात आपला वर्धा जिल्हा तेव्हा मोडत असे त्या मध्यप्रांतात १९२० साली, प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले.

ह्यानंतरचा धागा आपल्या वर्ध्यासच येऊन पोचतो. गोखल्यांस आपले राजकीय गुरू मानणारे महात्मा गांधी १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, येऊन राहिले. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि कोडे पडले: दारूबंदी करावी तर अबकारीचे उत्पन्न बुडते, आणि शाळा तर त्याच उत्पन्नावर चालतात. बापाने दारू प्यावी तेव्हा मुलाने शिकावे, ही स्थिती गांधीजींस असह्य झाली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून. आणि मुलांच्या हातून निघालेल्या सुतावर, मालावर शिक्षकाचे वेतन निघावे. झाकीर हुसेन समितीने शिक्षकास दरमहा २५ रुपये, निदान २० तरी, असावेत असे म्हटले. सिंहलद्वीपातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले आर्यनायकम् ह्यांनी आपली पत्नी आशादेवी ह्यांच्यासह सेवाग्रामी ह्या कार्यास आयुष्य वाहिले, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

हाताने काम करीत शिकावे, ह्या तत्त्वास आमचा मनापासून मान आहे. नाझरेथच्या सुताराच्या घरातील शिक्षण ह्याहून निराळे नव्हते. परंतु शिक्षकाचा पगार मुलांच्या टकळीवर सोपविणे आम्हांस पटत नाही, आणि ह्या एका बाबतीत गुरूचे गणित शिष्याच्या गणिताहून खरे होते असे आमचे मत आहे. जे वर्ष कापसाला वाईट, ते मास्तरालाही वाईट, असे होऊन कसे चालेल? आपल्या कापूसपिकाच्या जिल्ह्यात हे अधिक फोड करून सांगण्याची जरूर नाही. स्वावलंबनाचा तो भाग व्यवहारात टिकलाही नाही.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अखेर २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. बिल फेटाळले गेल्यास तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सहावा भाग शिक्षणाकडे लावावा, ही कोठारी आयोगाची १९६६ सालची शिफारस २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही पुन्हा लिहिली गेली, कारण मधल्या चोपन्न वर्षांत ती एकदाही पुरी झाली नव्हती. आपल्या राज्यात नवा शिक्षक तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठराविक मानधनावर राबतो. २०२३ साली ते मानधन वाढविले, तोवर प्राथमिक शाळेत ते दरमहा ६,००० रुपये होते. वाढवून १६,००० केले. विनाअनुदानित शाळांतून तर सरकारी वेतनाची वाट पाहत ज्यांची उमेदीची वर्षे गेली असे शिक्षक आपल्या ओळखीचे आहेत. त्यांतील काही दुपारी शाळा सुटली म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर वा दुकानात कामास जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी शाळेत हजर असतात.