जेम्स जेमर्सन

जेम्स ली जेमर्सन (२९ जानेवारी १९३६ – २ ऑगस्ट १९८३) हे अमेरिकन बास गिटारवादक होते. डेट्रॉइट शहरातील मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या ‘फंक ब्रदर्स’ या वादकसंचाचे ते प्रमुख सदस्य होते. १९६० च्या दशकात या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या बहुसंख्य लोकप्रिय गीतांतील खर्जाची साथ त्यांची आहे. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तार छेडण्याची त्यांची पद्धत, आघाताच्या बळावरील नियंत्रण आणि त्यातून निर्माण होणारा भरीव, ठोस स्वर यांमुळे बास गिटारवादनाच्या इतिहासात त्यांना अग्रस्थान दिले जाते. मात्र हयातीत त्यांचे नाव सर्वसामान्य श्रोत्यांना जवळजवळ अपरिचितच राहिले.

प्रारंभिक जीवन

जेमर्सन यांचा जन्म दक्षिण कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळील एडिस्टो बेटावर झाला. त्यांच्या आजी पियानो वाजवीत आणि आत्या चर्चच्या गायकवृंदात गात असत. लहानपणी तेही पियानो वाजवू लागले. १९५४ मध्ये ते आईबरोबर डेट्रॉइट येथे राहावयास आले. मोटारनिर्मितीच्या उद्योगामुळे दक्षिणेकडील असंख्य कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळी या शहरात येऊन स्थिरावत होती. तेथील नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांनी डबल बास हे उभे धरून वाजवावयाचे मोठे तंतुवाद्य हाती घेतले आणि लवकरच शहरातील जॅझ व ब्लूज संगीताच्या क्लबांमध्ये ते वादन करू लागले.

या सुरुवातीच्या काळाचा त्यांच्या हातावर कायमचा संस्कार झाला. डबल बासच्या तारा जाड असतात व त्या पट्टीपासून बऱ्याच उंचीवर ताणलेल्या असतात. ढोल आणि तुतारी यांच्या गजरात हे वाद्य ऐकू जावे यासाठी वादकाला बोटाच्या पूर्ण बळाने तार ओढावी लागते. ही सवय जेमर्सन यांनी पुढे विजेवर चालणाऱ्या बास गिटारवरही सोडली नाही.

मोटाउनमधील कारकीर्द

१९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी डेट्रॉइटमध्ये आपली ध्वनिमुद्रण कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. त्या घराला ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’ असे नाव देण्यात आले होते, तर आतल्या लहानशा ध्वनिमुद्रण कक्षाला वादक ‘स्नेकपिट’ म्हणजे सापांचा खड्डा म्हणत. जेमर्सन तेथे प्रथम डबल बास वाजवीत. १९६० नंतर लवकरच त्यांनी फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास स्वीकारला आणि पुढे प्रामुख्याने त्यावरच वादन केले.

ढोलवादक बेनी बेंजामिन आणि पियानोवादक अर्ल व्हॅन डाइक हे त्यांचे निकटचे सहकारी होते. टेम्प्टेशन्स या गटाचे ‘माय गर्ल’, सुप्रीम्सचे ‘यू कान्ट हरी लव्ह’, फोर टॉप्सचे ‘रीच आउट आय विल बी देअर’ व ‘बर्नाडेट’, मार्व्हिन गे व टॅमी टेरेल यांचे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’, स्टीव्ही वंडर यांची ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ व ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ ही त्यांच्या साथीची ठळक उदाहरणे होत. ‘माय गर्ल’चा आरंभच मुळी त्यांच्या बासच्या स्वरांनी होतो, गिटार त्यानंतर येते.

मोटाउनच्या तबकड्यांवर गायकांची नावे छापली जात, वादकांची नव्हे. मार्व्हिन गे यांच्या १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहाच्या वेष्टनावर मोटाउनच्या वादकांना प्रथमच ठळक नामनिर्देश मिळाला आणि जेमर्सन यांचा उल्लेख अतुलनीय या विशेषणासह करण्यात आला. या संग्रहाच्या शीर्षकगीताच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मद्याच्या अमलामुळे त्यांना नीट बसता येत नव्हते व त्यांनी जमिनीवर उताणे पडून वादन केले, असे सांगितले जाते.

वाद्य

जेमर्सन यांचे सर्वांत परिचित वाद्य म्हणजे १९६२ चा प्रिसिजन बास. तो ‘फंक मशीन’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या दांड्याच्या बुडाशी त्यांनी ‘फंक’ हा शब्द कोरला होता. त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, सपाट वेढ्यांच्या तारा होत्या. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. तारांवर साचणारी घाण व हातांचा घाम यांमुळेच स्वराला खरा बाज येतो, अशी त्यांची धारणा होती. तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की इतरांना ते वाद्य वाजविणे अवघड जाई. घोडीवरील धातूच्या आवरणाखाली स्पंजाचा तुकडा होता. त्यामुळे स्वराची आस लवकर विरे आणि प्रत्येक आघात सुटा व स्पष्ट ऐकू येई. स्टुडिओत या वाद्याचा आवाज बहुधा ध्वनिवर्धकाऐवजी थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेत घेतला जाई.

वादनतंत्र

बास गिटारवादक सामान्यतः तर्जनी व मध्यमा आलटूनपालटून वापरतात किंवा नखीने तार छेडतात. जेमर्सन मात्र फक्त तर्जनी वापरीत. त्यांच्या या बोटाला ‘हूक’ म्हणजे आकडा असे टोपणनाव मिळाले होते. अनामिका व करंगळी ते तारांखालील चुंबकीय ध्वनिग्राहकाच्या धातूच्या आवरणावर टेकवीत. त्यामुळे हात स्थिर राही आणि तर्जनीला प्रत्येक वेळी सारख्याच अंतरावरून तार गाठता येई. दोन बोटांच्या वादनात दोन्हींचे बळ समान ठेवण्याची अडचण असते. एकाच बोटामुळे ती आपोआप टळते.

छेडण्याचे बळ आणि वाद्याची जुळणी यांचा परस्परसंबंध त्यांच्या उदाहरणावरून चांगला समजतो. तार जोराने ओढली की तिचे कंपन रुंदावते. तारा पडद्यांच्या फार जवळ असतील, तर अशा वेळी त्या पडद्यांवर आपटून खडखडतात. शिवाय आघाताच्या क्षणी ताण वाढल्यामुळे स्वर किंचित चढतो; तार सैल असेल तर हा दोष अधिक जाणवतो. उलट फार हलक्या हाताने छेडल्यास स्वराचा गाभा भरत नाही व तो इतर वाद्यांत लोपतो. जाड, ताणलेल्या व उंच तारांमुळे जेमर्सन यांच्या वाद्याला जोरकस आघात सोसत असे. हलक्या तारांच्या, खाली बसविलेल्या वाद्यावर तेच बळ लावले तर तसा स्वर मिळत नाही. म्हणूनच योग्य बळाचे एकच ठरावीक माप नसते. ते हात, तार आणि तारेची उंची या तिघांच्या मेळातून ठरते.

तथापि केवळ जोर हे त्यांच्या वादनाचे मर्म नव्हते. मुख्य स्वरांच्या मधे ते अर्धवट दाबलेल्या तारेचे हलके, स्वरहीन ठोके पेरीत. वरच्या तारेवरून खालच्या तारेकडे येताना तीच तर्जनी न उचलता पुढच्या तारेवर ओढून नेत. मोकळ्या तारांचा उपयोग ते डावा हात पट्टीवर सरकविण्यास अवधी मिळावा म्हणून करीत. जॅझमधून आलेले अर्धस्वरांचे संचार आणि तालाच्या मात्रांमधील अनपेक्षित जागी पडणारे आघात यांमुळे त्यांची साथ गीताची पायाभरणी करीत असतानाच स्वतंत्र चालीसारखी भासते.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

१९७२ मध्ये मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिस येथे हलविला. जेमर्सनही तेथे गेले, परंतु १९७३ मध्ये त्यांचा कंपनीशी संबंध संपुष्टात आला. त्यानंतर ह्यूज कॉर्पोरेशनच्या ‘रॉक द बोट’, सिल्व्हर्सच्या ‘बूगी फीव्हर’ अशा यशस्वी गीतांत त्यांनी वादन केले. मात्र काळाची अभिरुची बदलत होती. गोल वेढ्यांच्या चकचकीत स्वराच्या तारा, अंगठ्याने तारेवर थाप मारण्याचे तंत्र आणि साध्या, पुनरावृत्त साथीची मागणी वाढली. जेमर्सन आपल्या जुन्या तारा व जुनी जुळणी बदलण्यास तयार नव्हते. ज्या स्पर्शाने त्यांना घडविले तोच आता कालबाह्य ठरू लागला. दीर्घकाळच्या मद्यपानाने प्रकृतीही खालावत गेली आणि काम कमी होत गेले.

१९८३ मध्ये मोटाउनच्या २५ व्या वर्षानिमित्त कॅलिफोर्नियात मोठा समारंभ झाला. त्याचे निमंत्रण जेमर्सन यांना नव्हते. त्यांनी तिकीट काढून सज्जातून तो पाहिला, असे सांगितले जाते. त्याच वर्षी मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांचा ‘फंक मशीन’ चोरीस गेला. यकृताचा विकार, हृदयक्रिया मंदावणे व न्यूमोनिया यांमुळे २ ऑगस्ट १९८३ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेट्रॉइटमधील वुडलॉन स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे पुत्र जेम्स जेमर्सन ज्युनिअर हेही व्यावसायिक बास गिटारवादक होते.

प्रभाव आणि गौरव

बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांच्यासह अनेक वादकांनी जेमर्सन यांचा प्रभाव मान्य केला आहे. १९८९ मध्ये ॲलन स्लट्स्की यांनी लिहिलेले ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे त्यांच्या वादनाच्या स्वरलेखनासह चरित्र प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांचे कार्य प्रथमच व्यापक वाचकवर्गासमोर आले. २००० मध्ये त्यांचा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, साथीदार वादकांच्या नव्याने सुरू झालेल्या विभागाच्या पहिल्याच तुकडीत करण्यात आला. चरित्राचेच नाव धारण करणारा फंक ब्रदर्सविषयीचा माहितीपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला आणि २००४ मध्ये या वादकसंचाला ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. रोलिंग स्टोन नियतकालिकाने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ५० सर्वश्रेष्ठ बास गिटारवादकांच्या यादीत जेमर्सन यांना पहिले स्थान देण्यात आले.