तेलंगांचे ‘मुद्राराक्षस’

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव निघाले की राष्ट्रसभेच्या स्थापनेतील त्यांचा वाटा, उच्च न्यायालयातील त्यांची कारकीर्द आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या भारतीय कुलगुरूचा त्यांना मिळालेला मान यांचेच स्मरण प्रथम होते. १८८४ साली त्यांनी विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’ची जी सटीप आवृत्ती सिद्ध केली, तिची आठवण मात्र क्वचितच निघते. वास्तविक तेलंगांच्या बुद्धीची जात जाणून घ्यावयाची तर सभांतील भाषणांपेक्षा या ग्रंथाकडेच वळावे लागेल.

मुंबईत १८५० साली जन्मलेले तेलंग एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि १८७२ मध्ये उच्च न्यायालयात वकिली करू लागले. रामायणाचे कथानक होमरवरून उचलले असावे, हे जर्मन पंडित वेबर यांचे मत त्यांनी पुढच्याच वर्षी खोडून काढले. त्यात संतापाचा लवलेश नव्हता. पुराव्यापुढे पुरावा ठेवण्याची वकिली शिस्त होती. भर्तृहरीची शतके त्यांनी संपादिली आणि मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेसाठी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले. हे सारे पक्षकारांचे कागद चाळून उरलेल्या वेळात! पुढे लेसिंगच्या ‘नेथन द वाइज’चे मराठी रूपांतरही त्यांच्याच हातून झाले.

ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा विचार करून सुरू केलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेत ‘मुद्राराक्षस’ प्रसिद्ध झाले. शाकुंतलावरून या नाटकाकडे येणारा विद्यार्थी गोंधळून जातो. येथे प्रणय नाही, नायिका नाही. आहेत ते हेर, बनावट पत्रे आणि एका अंगठीचे राजकारण. त्यातच नंदांचा नाश होऊन गेल्यावर पडदा उघडतो. म्हणून तेलंगांनी मूळ संहितेबरोबर धुंडिराजाची टीका छापली. १७१३ च्या सुमारास तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात लिहिलेल्या या टीकेच्या आरंभी पूर्वकथा सविस्तर सांगितलेली आहे. मराठी राजांच्या आश्रयाखाली झालेली ती विद्वत्ता पावणेदोनशे वर्षांनी मुंबईच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडली.

परंतु तेलंगांचे खरे सामर्थ्य पाठभेदांच्या नोंदीत दिसते. नाटकाच्या शेवटच्या भरतवाक्यात पृथ्वीचे रक्षण करणाऱ्या राजाचे नाव येते. काही हस्तलिखितांत ते चंद्रगुप्त असे आहे, तर काहींत अवंतिवर्मा. एका नावावर नाटककाराचा काळ अवलंबून! भरतवाक्यातील म्लेंच्छ म्हणजे मुसलमान आक्रमक असे धरून विल्सनने १८२७ मध्ये हे नाटक अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत खाली ओढले होते. ते तेलंगांना मान्य झाले नाही. त्यांनी मौखरी घराण्यातील अवंतिवर्म्याकडे बोट दाखविले आणि नाटक कित्येक शतके मागे नेले. मात्र स्वतःचे मत ठरले म्हणून दुसरा पाठ त्यांनी दडविला नाही. कोणत्या पोथीत काय आढळते, हे वाचकाच्या हाती दिले. परीक्षेपुरते एकच उत्तर पुरविणाऱ्या मार्गदर्शिकांच्या संपादकांना हा व्यवहार महाग वाटेल. पण त्यावाचून विद्यार्थ्याला संपादकाशी भांडण्याचा अधिकारच मिळत नाही.

सार्वजनिक जीवनात तेलंगांची हीच तोलूनमापून चालण्याची वृत्ती सर्वांना रुचली असे नाही. कमीत कमी विरोधाच्या वाटेने सुधारणा न्यावी, हे त्यांचे धोरण. आणि घरात मुलीचा विवाह लहान वयात झाला तेव्हा सुधारकांनी त्यांना बोल लावला. तो सर्वस्वी अन्याय्य होता असे म्हणता येणार नाही. दुसऱ्याची बाजू ऐकून घेण्याचा गुण कृतीच्या क्षणी माणसाला अडवतोही.

१८८९ मध्ये ते न्यायमूर्ती झाले, १८९२ मध्ये कुलगुरू. आणि १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाची चव्वेचाळिशी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

पुढे १९१२ मध्ये ब्रेस्लाउच्या हिलेब्रांट यांनी अधिक हस्तलिखिते जमवून या नाटकाची नवी आवृत्ती काढली. १९२३ मध्ये सिल्व्हाँ लेव्ही यांनी ‘देवीचंद्रगुप्त’ या विशाखदत्ताच्याच लुप्त नाटकातील उतारे उजेडात आणले. त्यामुळे भरतवाक्यातील चंद्रगुप्त म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, या मताला बळ आले आणि तेलंगांच्या अवंतिवर्म्याचा पक्ष पुष्कळांनी सोडला. वाद मिटलेला नाही. मात्र तेलंगांच्या विरुद्ध निकाल देणाऱ्यांनाही पोथ्यांची साक्ष काढण्यासाठी त्यांच्याच टिपा उघडाव्या लागल्या.