मगनवाडीचा हिशेबनीस

सिंदी मेघे हे गाव आता वर्धा शहराला जवळपास चिकटले आहे. तिथून फारशी दूर नसलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे घालवली. देशाच्या उत्पन्नातील किती वाटा घराघरांत खर्च होतो आणि किती सरकार खर्चते, हा प्रश्न आज राष्ट्रीय लेख्यांच्या तक्त्यांत सुटतो. भारतात कुटुंबांचा उपभोग सुमारे साठ टक्के, तर सरकारचा दहाच्या आसपास असतो. असे तक्ते नव्हते तेव्हा कुमारप्पांनी हा प्रश्न खेड्याच्या उंबरठ्यावर जाऊन विचारला.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास करताना त्यांची दृष्टीच पालटली. रयतेकडून गोळा होणारा कर लष्कर, कर्जावरील व्याज आणि महागडे प्रशासन यांवर उधळला जातो, जनतेच्या पोटापाण्याकडे मात्र तो परतत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले. त्यानंतर गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. शेतकऱ्याचे उत्पन्न, घरखर्च, कर्ज आणि शेतसारा हे सारे त्यांनी एकाच वहीत मांडले. हिशेबनिसाचा हा काटेकोरपणा त्यांच्या लेखनाचे खरे बळ होय. भावनेच्या भरात आकडा फुगवणे त्यांना मानवत नसे.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, हातकागद यांवर तेथे प्रयोग चालत. घरातला पैसा गावातच फिरावा, हा त्यामागचा हिशेब.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने नोटा छापून भारतातील माल उचलला. त्याची भरपाई लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने साचत राहिली. सरकारचा खर्च वाढला, महागाईने गरिबाचे ताट रिकामे झाले. कुमारप्पांनी त्यावर कठोर टीका केली. जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ लिहिला.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, पण नव्या सरकारच्या धोरणांशी त्यांचे पटले नाही. प्रकृती ढासळल्यावर ते तमिळनाडूतील कल्लुपट्टी येथे गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, त्यांचे निधन झाले.